नऊ वर्षांच्या मुलीसाठी बाण कोणते घ्यावेत? लांबी, स्पाइन (बाणाचा कडकपणा), अॅल्युमिनियम की कार्बन?

पिंपळपान

मुलगी 9 वर्षांची. उंची 131 सेंमी. दोन्ही हात आडवे पसरल्यावर मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 130 सेंमी. उजव्या हाताने दोरी ओढते. धनुष्य 54 इंची टेकडाउन रिकर्व्ह (सुटे भाग जोडायचं, टोकं पुढे वळलेलं), लिम्बवर, म्हणजे धनुष्याच्या पात्यावर, 14 पाउंड (ताणायला लागणारा जोर) छापलंय. रेस्ट (बाण टेकवायचा आधार) चिकटवायचं प्लास्टिकचं. साइट (नेम धरायचं साधन), प्लंजर (बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगची खीळ) काही नाही.

धनुष्यासोबत 28 इंची ठोस फायबरग्लासचे सहा बाण आले, जाडी 6 मिमी. 10 मीटरवरून बाण टार्गेटच्या पायाशी पडतो. वर नेम धरायला सांगितलं की कधी टार्गेटच्या डोक्यावरून जातो. दोन-तीन बाण टार्गेटला लागून परत उडाले.

दुकानदार म्हणतो, कार्बन घ्या, 1000 स्पाइनचे. बॅचमधले पालक म्हणतात, अॅल्युमिनियम. नेटवरचे तक्ते तिच्या पाउंडेजपर्यंत खाली येतच नाहीत. नेमकं काय घ्यावं? लांबी किती? आणि नग किती?

---

बाणेदार

आधी लांबी. बाकीचं चुकलं तर बाण इकडेतिकडे लागेल, एवढंच. लांबी कमी पडली तर पूर्ण ताणलेला बाण रेस्टच्या मागे घसरतो, टोक धनुष्य धरलेल्या मुठीच्या मागे येतं आणि दोरी सुटली की बाण थेट हातात जातो. म्हणून लहान मुलांच्या बाबतीत आखूड बाण हा एकच प्रकार असा आहे की तो पिशवीतसुद्धा ठेवू नये.

हातांचा पसारा भागिले 2.5, हा ड्रॉ लेंग्थचा, म्हणजे दोरी किती मागे ओढली जाते त्याचा, ढोबळ हिशेब. तुमच्या मुलीचे 130 ÷ 2.5 = 52 सेंमी, म्हणजे साडेवीस इंच. पण या आकड्यावर बाण मागवू नका, प्रत्यक्ष मोजा. 28 इंची बाण आहेच, त्यालाच नॉकच्या (दोरीत बसणारी मागची टोपी) खाचेपासून पुढे 18 इंचांपासून दर अर्ध्या इंचावर मार्करने रेघा मारा. टार्गेटपासून चार पावलांवर तिला उभं करा, बाण लावून टार्गेटकडे रोखूनच ताणायला सांगा, हात हनुवटीखाली नेहमीच्या जागी टेकला की बाजूला उभं राहून धनुष्याच्या पुढच्या कडेला कोणती रेघ येते ते बघा. मग दोरी हळूहळू परत आणायची, सोडायची नाही. असं सहा वेळा. सहातला सगळ्यांत मोठा आकडा धरा, सरासरी नको. आणि बाण न लावता दोरी ताणून सोडू देऊ नका, सगळी ताकद लिम्बवर येते आणि लिम्ब तडकतं.

त्या आकड्यात 3 इंच मिळवा. मोठ्यांना एक-दीड इंच पुरतो, मुलांना नाही. कारण दोन. नवशिक्या मुलाचा खांदा वर उचललेला असतो आणि कोपर पुरतं मागे जात नाही. शिकवणीच्या पहिल्या काही महिन्यांत अंग सुटलं की एक-दीड इंच ताण आपोआप वाढतो. दुसरं म्हणजे या वयात उंची वर्षाला 5-6 सेंमी वाढते, हातांचा पसारा जवळपास तेवढाच, म्हणजे ड्रॉ लेंग्थ वर्षाला सुमारे 2 ते 2.4 सेंमी, जवळजवळ एक इंच.

तेव्हा तुमच्याकडे मोजमाप 20.5 ते 21 आलं तर बाण 24 इंच. ही लांबी नॉकच्या खाचेच्या तळापासून शाफ्टच्या, म्हणजे बाणाच्या काडीच्या, पुढच्या कडेपर्यंत मोजतात, लोखंडी टोक त्यात धरत नाहीत. दुकानात हे स्पष्ट विचारा, नाहीतर टोकासकट 24 म्हणून 23 गळ्यात पडतात.

दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. पूर्ण ताणल्यावर शाफ्ट धनुष्याच्या पुढे एक इंचापेक्षा कमी उरला की तो संच निवृत्त.

---

तोळामासा

बाण पायाशी का पडतो, ते आधी बघू. सगळी गोम वजनात आहे.

लिम्बवरचे 14 पाउंड हे 28 इंच ताणल्यावरचे. मुलगी साडेवीस इंच ओढते. तिच्या बोटांवर येतात साधारण 9 पाउंड. झुलता काटा असेल तर दोरीला अडकवून साडेवीस इंचांवर स्वतः बघा, त्यात 4 किलोच्या आसपास दिसेल.

आता बाण. 6 मिमी जाडीची 28 इंची ठोस फायबरग्लासची काडी साधारण 38 ग्रॅम भरते, टोक आणि नॉक धरून 40. तेवढ्याच कामाचा 24 इंची पातळ अॅल्युमिनियमचा बाण पिसांसकट 15-16 ग्रॅम. 9 पाउंडांच्या धनुष्यातून पहिला सेकंदाला 16-17 मीटर वेगाने निघतो, दुसरा 24 च्या आसपास. 10 मीटर जाईपर्यंत फायबरग्लासचा बाण सरळ रेषेपासून पावणेदोन मीटरच्या वर खाली येतो, अॅल्युमिनियमचा 85 सेंमी. आकडे ढोबळ आहेत, धनुष्यागणिक थोडं मागेपुढे होईल, पण प्रमाण हेच. पावणेदोन मीटर पडणारा बाण मारायचा म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीला टार्गेटच्या बऱ्याच वर, हवेत कुठेतरी नेम धरावा लागतो. तिथे धरायला खूण नसते, म्हणून कधी पायाशी, कधी डोक्यावरून. मुलीचं काही चुकत नाहीये.

कार्बन अजून हलका, 24 इंची तयार बाण 12-13 ग्रॅम. 10 मीटरवर त्याची घसरण 70 सेंमीच्या जवळपास. म्हणजे अॅल्युमिनियमपेक्षा फायदा जेमतेम वीतभर. हाच फरक 30 मीटरवर दीड मीटरचा होतो. तेव्हा 10-12 मीटरवर शिकणाऱ्या मुलीसाठी मी अॅल्युमिनियमच म्हणेन. वाकलं तर दिसतं, तुटताना कुसळं निघत नाहीत, टोक बदलता येतं आणि हरवला तर जीव हळहळत नाही.

फायबरग्लासचे बाण फेकू नका, पण त्यांच्यावर हात फिरवून बघा. जुन्या काड्यांची वरची साल उठली की काचेचे तंतू बोटात जातात, ते दिसत नाहीत आणि दोन दिवस खुपतात. अशी काडी लगेच बाद.

---

डावखुरा

स्पाइनबद्दल. दुकानदाराने 1000 सांगितलं, ते 9 पाउंडांना फार कडक आहे.

स्पाइनचा आकडा येतो कसा, ते कळलं की गोंधळ संपतो. शाफ्ट 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवतात, मध्यभागी 880 ग्रॅम वजन टांगतात आणि किती वाकला ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. 1000 म्हणजे एक इंच वाकला. 2000 म्हणजे दोन इंच. आकडा मोठा तितका बाण मऊ.

अॅल्युमिनियमवरचा आकडा मात्र स्पाइन नव्हे. ईस्टन कंपनीच्या शाफ्टवर 1416 लिहिलं असेल तर पहिले दोन अंक जाडी, 14/64 इंच. पुढचे दोन भिंतीची जाडी, 0.016 इंच. इथे लहान आकडा मऊ. 1416 साधारण 1.7 इंच वाकतो, 1616 साधारण 1.1 इंच, 1716 इंचापेक्षा कमी. म्हणजे एकाच दुकानात एका रॅकवर मोठा आकडा मऊ आणि शेजारच्या रॅकवर लहान आकडा मऊ. इथेच बहुतेक पालक फसतात, कधीकधी दुकानदारही.

तुमच्यासाठी 1416. त्याहून पातळ भिंतीचा 1413 अजून मऊ आणि हलका आहे, पण पत्रा इतका पातळ की टार्गेटच्या लाकडी चौकटीला एकदा घासला तरी पोचा पडतो. मुलांच्या हातात 1416 टिकतो. तो नसेल तर 1516. 1616 च्या पुढे 9 पाउंडांवर जाऊ नका.

खरं सांगायचं तर 9 पाउंडांना बाजारातला जवळजवळ प्रत्येक बाण कडकच ठरतो. तक्ते तुमच्यापर्यंत येत नाहीत ते यामुळे. म्हणून तक्त्यात ओळ शोधत बसू नका: सगळ्यांत मऊ मिळेल तो घ्या आणि लांब ठेवा. शाफ्ट लांब तितका सुटताना जास्त वाकतो, म्हणजे बाणेदार यांनी सुरक्षेसाठी सांगितलेले 3 इंच इथेही कामाला येतात.

बाण कडक असला की काय दिसतं? उजव्या हाताने ओढणाऱ्याचे बाण डावीकडे जमतात (आमच्यासारख्या डावखुऱ्यांचे उजवीकडे), सुटताना धनुष्याला टकटक आवाज येतो, आणि एकाच बाजूचं पीस लवकर झिजतं. अशा वेळी टोक 15-20 ग्रेन जड लावून बघतात. 15.4 ग्रेन म्हणजे एक ग्रॅम. पण मुलीचे सहा बाण अजून एका ताटाएवढ्या जागेत येत नसतील तर स्पाइनची चर्चा उगाच आहे. बिनपिसांचा बाण मारून ट्यूनिंग करायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या, दोन वर्षांनी बघू.

आणखी एक. 2023 मध्ये बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे जागतिक विजेते झाल्यापासून पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर त्यांच्या बाणांचे तक्ते फिरतात. ते दोघेही कंपाउंडवाले (टोकांना चाकं असलेलं धनुष्य). कंपाउंडमध्ये दोरी ट्रिगरने सुटते, बोटांनी नाही, आणि बाण वाकायची तऱ्हाच वेगळी. तो तक्ता रिकर्व्हला लावायचा नाही.

---

पिंपळपान

सगळ्यांचे आभार. आज सहा वेळा मोजलं, 20 ते 21 मध्ये येतंय. म्हणजे 24 इंच, 1416. आता दोन गोष्टी. पिसं घ्यावीत की प्लास्टिकचे व्हेन? आणि बाण ताणताना रेस्टवरून डावीकडे खाली पडतो, दहात तीन-चार वेळा. ते बाणामुळे का?

---

प्रत्यंचा

रेस्टवरून पडणं बाणामुळे नाही, बोटांमुळे. मुलं नॉक चिमटीत धरतात आणि ओढताना बोटं वळवतात. दोरीला पीळ बसतो आणि बाणाचं पुढचं टोक रेस्टपासून बाहेर जातं. नॉक आणि बोटं यांच्यात दोन्ही बाजूंना फट हवी. तर्जनी वर आणि दोन बोटं खाली या पद्धतीत छोट्या हातांना ते जड जातं. तिन्ही बोटं नॉकखाली लावून बघा, चिमटीचा प्रश्नच मिटतो. मात्र त्या पद्धतीत बाण दोरीवर खाली घसरू शकतो, म्हणून नॉकच्या वरच्या खुणेसारखी एक खूण खालीही बांधा, नॉक हलेल इतकी किंचित फट ठेवून. पितळी कडीऐवजी दात साफ करायचा मेणाचा दोरा (डेंटल फ्लॉस) घट्ट गुंडाळून गाठ मारली तरी चालतं, बोटाला टोचत नाही आणि टॅब (बोटांवरचं संरक्षक आवरण) फाटत नाही. वरची खूण रेस्टपासून काटकोनात येणाऱ्या रेघेच्या साधारण 8-10 मिमी वर.

आता नॉक. नवीन बाण आले की पहिलं काम हे. नॉक दोरीत दाबली की हलका 'टक' आवाज यायला हवा. मग धनुष्य आडवं धरून बाण टोक खाली करून दोरीवर टांगता राहू द्या. स्वतःच्या वजनाने पडला तर नॉक सैल. दोरीवर बोटाने टिचकी मारा. दोन-तीन टिचक्यांतही सुटला नाही तर नॉक घट्ट. सैल नॉक ताणताना निसटते आणि मुलगी रिकामी दोरी सोडते, लिम्बला धोका. घट्ट नॉक मोठ्यांच्या 40 पाउंडांच्या धनुष्यात फारशी कळत नाही, पण 9 पाउंडांत दोरीला ती सोडवायला जोर कुठून येणार? बाण प्रत्येक वेळी वेगळ्या तऱ्हेने सुटतो. नॉकच्या खाचा लहान आणि मोठ्या अशा दोन मापांत मिळतात. लहान मुलांच्या धनुष्याची दोरी बहुतेक डॅक्रॉनची, जाडसर असते. मोठी खाच लागण्याची शक्यता जास्त, पण दोरी घेऊनच दुकानात जा. नॉक किंचित घट्ट असेल तर नॉक घासू नका, दोरीवरचं मधलं वेष्टन पातळ दोऱ्याने पुन्हा गुंडाळून घ्या.

पिसं की व्हेन, ते रेस्टवर ठरतं. रेस्ट नसून बाण लाकडी धनुष्याच्या शेल्फवर टेकत असेल तर पिसंच. पीस दबून निघून जातं, प्लास्टिक आपटून बाण उडवतं. तुमच्याकडे रेस्ट आहे, दोन्ही चालतील. तरी 9 पाउंडांवर मी 2.5-3 इंची पिसंच घेईन. वजन कमी, आणि मुलांचा बाण सुटताना जो माशासारखा वळवळतो तो लांब पिसांनी लवकर सरळ होतो. दीड-पावणेदोन इंची छोटे व्हेन छान दिसतात, पण 10 मीटरच्या आत वळवळ थांबत नाही आणि बाण टार्गेटला तिरका लागतो. पावसाळ्यात मात्र पिसं भिजून चपटी होतात, कोकणात तर नुसत्या दमट हवेत डिंक सुटतो. जून ते सप्टेंबर शेडबाहेर सराव होणार असेल तर मऊ प्लास्टिकचे 2 इंची व्हेन घ्या.

तीनपैकी एक पीस वेगळ्या रंगाचं असतं. ते धनुष्याच्या विरुद्ध बाजूला, बाहेर. मुलांना 'वेगळा रंग बाहेर' एवढंच सांगा.

टार्गेटवरून बाण परत उडणं हे टार्गेटचं दुखणं. नवीन ईव्हीए फोम जास्त पाउंडांच्या धनुष्यांसाठी बनवलेला असतो. 9 पाउंडांचा बाण त्यात बोटभरही शिरत नाही. मऊ, वापरलेला फोम मागून घ्या, किंवा घरी करा: खोक्यांचे पुठ्ठे 30 सेंमी रुंदीच्या पट्ट्यांत कापा, एकावर एक रचा आणि दोन पट्ट्यांनी आवळा. बाण पुठ्ठ्यांच्या कडांच्या मध्ये घुसला पाहिजे, सपाट पृष्ठावर नाही. फार आवळू नका, बोटाने जोर लावल्यावर फट पडेल इतपत. कडक फोमवर पाच मीटरपेक्षा जवळून मारू देऊ नका, परत आलेला बाण नडगीवर बसतो.

---

वेताळटेकडी

कार्बनला सगळ्यांनीच बाजूला सारलंय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. 1800-2000 स्पाइनचे, 4.2 मिमी आतल्या व्यासाचे पातळ कार्बन आता सहज मिळतात आणि 24 इंची बाण 12 ग्रॅमच्या आसपास बसतो. अॅल्युमिनियम एकदा वाकलं की वाकलंच. बॅचमध्ये दहा मुलं असली की महिन्याभरात निम्मे 1416 केळी होतात. कार्बन एक तर सरळ असतो किंवा तुटलेला. जे मूल आठवड्यातून चार दिवस मैदानावर येतं आणि वर्षभरात 20-30 मीटरवर जाणार आहे, त्याला आज अॅल्युमिनियम आणि उद्या कार्बन असा दुहेरी खर्च कशाला?

---

तोळामासा

@वेताळटेकडी, मुद्दा बरोबर, पण तुमच्या "एक तर सरळ किंवा तुटलेला" मध्ये तिसरी अवस्था आहे: तडकलेला पण सरळ दिसणारा. धोका तिथे आहे. चिरलेला कार्बन सुटतानाच फुटतो आणि त्याची फाक पुढच्या हाताच्या तळव्यात शिरते. म्हणून कार्बनचा प्रत्येक बाण, टार्गेटला लागला असो वा चुकून चौकटीला, पुन्हा मारण्याआधी तपासायचा: दोन्ही टोकं धरा, चेहऱ्यापासून लांब, किंचित वाकवा, फिरवत चार बाजूंनी वाकवा, कान द्या. करकर आवाज आला, बोटाला खरखर लागली किंवा नॉकजवळ उभी रेघ दिसली तर बाण दोन तुकडे करून कचऱ्यात, म्हणजे कुणी परत उचलणार नाही. बारा वर्षांचं मूल हे इमानाने करेल. नऊ वर्षांचं मूल दर वेळी करेल यावर माझा भरवसा नाही, आणि दहा मुलांमागे एक प्रशिक्षक असेल तर तोही करू शकत नाही. शिवाय मैदानात तुटलेला कार्बन गवतात राहिला की अनवाणी खेळणाऱ्या पोरांच्या पायात जातो.

कार्बन घ्यायचाच तर कापणं दुकानातच, पातळ अपघर्षक चक्रीवर. घरी हॅकसॉने कापू नका, शाफ्टची टोकं चिरतात आणि ती काळी धूळ फुफ्फुसांना वाईट.

अॅल्युमिनियमची केळी होतात, मान्य. पण बहुतेक वेळा टार्गेटमध्ये लागल्यावर नाही, उपसताना. मूल बाणाच्या मागच्या टोकाला धरून खाली लोंबकळतं. एक हात टार्गेटवर बाणाच्या शेजारी सपाट, दुसऱ्या हाताची मूठ टार्गेटच्या अगदी जवळ शाफ्टवर, किंचित पीळ देत सरळ मागे. मागे कुणी उभं नाही ना, हे आधी बघायचं, कारण सुटलेल्या बाणाची नॉक डोळ्याच्या उंचीवर येते. फोममध्ये अडकला तर रबराचा तुकडा धरून ओढा. एवढं शिकवलं तर संच वर्षभर टिकतो. सरळपणा बघायला काचेच्या टेबलावर घरंगळवा. टोक डगमगलं किंवा टप्पे ऐकू आले तर वाकलाय.

---

आठवीचे_सर

धागा उपयोगी आहे, म्हणून इथेच विचारतो. शाळेत बारा मुलं, वयं 8 ते 13, चार धनुष्यं. बाण सामाईक ठेवावे लागतात. शिवाय दोन-तीन मुलांना इंडियन राउंडला उतरवायचं म्हणतोय, बांबूचे बाण कसे निवडायचे?

---

बाणेदार

सामाईक संचात एकच नियम: लांबी पिसांच्या रंगावरून कळली पाहिजे. 24 इंची पिवळे, 26 इंची हिरवे, 28 इंची लाल, असं काहीही, पण एकदा ठरवलं की बदलायचं नाही. प्रत्येक मुलाच्या मनगटाला त्याच्या रंगाची पट्टी. पट्टीपेक्षा लांब बाण चालेल, आखूड कधीच नाही. मुलाचा गट दर तीन महिन्यांनी मोजून ठरवा, वयावरून नाही. 13 वर्षांच्या दोन मुलांत 4 इंचांचा फरक सहज असतो. चार धनुष्यांना एका फेरीत प्रत्येकी 3 बाण, म्हणजे 12. तेवढेच राखीव धरा, कारण एक फेरी चालू असताना मागचे वाकलेले-सुटलेले तपासायला वेळ मिळतो.

बाण आणायला जाणं शिट्टीवरच. दोन शिट्ट्या: रेषेवर या. एक: मारा. तीन: बाण आणा. पाच किंवा जास्त: सगळं थांबवा. स्पर्धेतही हेच असतं, मुलांना पहिल्या दिवसापासून सवय लागते. आणि मैदानामागे भिंत किंवा जाड जाळी हवीच. लोकांना वाटतं, छोटं धनुष्य, काय जातंय लांब. 9 पाउंडांतून हलका बाण चुकून आभाळाकडे सुटला तर 50 मीटरच्या आसपास जाऊन पडतो.

बांबूबद्दल थोडक्यात. इंडियन राउंड साध्या बांबूच्या धनुष्यावर खेळतात, साइट-स्टॅबिलायझर काही नाही. मुलांना उतरवण्याआधी त्या स्पर्धेची बाणाबद्दलची अट वाचून घ्या, मग खरेदी. दुकानातून एकगठ्ठा न उचलता हे बघा:

एक, प्रत्येक काडी डोळ्यासमोर धरून फिरवा. वाक पेराजवळ असेल तर सरळ होणं कठीण. दोन पेरांच्या मध्ये असेल तर मंद आचेवर गरम करून उलट बाजूला थोडा दाबून, थंड होईपर्यंत तसाच धरला की निघतो. दुसरं, सोनाराच्या किंवा किराणा दुकानाच्या डिजिटल काट्यावर तोला. एका मुलाच्या सहा बाणांत एक ग्रॅमहून जास्त फरक नको, बांबूत दोन-तीन ग्रॅमचा फरक सर्रास सापडतो आणि मग एक बाण वर, एक खाली. तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, नॉकची खाच बांबूतच कापलेली असेल तर खाचेच्या लगेच खाली दोरा घट्ट गुंडाळून त्यावर गोंद लावलेला हवा. तो नसेल तर दोरीच्या धक्क्याने बांबू उभा चिरतो. चिरलेला बांबू आणि चिरलेला कार्बन, दोन्ही सारखेच वाईट.

पावसाळ्यात बांबूचे बाण भिंतीला टेकवून उभे ठेवू नका, वाकतात. आडव्या खणांत, कोरड्या जागी.

---

पिंपळपान

यादी अशी केली आहे: 1416 अॅल्युमिनियम, 24 इंच, 6 नग, 3 इंची पिसं, मोठ्या खाचेच्या नॉक, टोकं शाफ्टसोबत येतील ती. काही राहिलं का? टोक ढिलं झालं तर घरी बसवता येतं का?

---

प्रत्यंचा

सहा नको, आठ घ्या. एकाच वेळी, एकाच खोक्यातले. पहिल्या महिन्यात एक हरवतो, एक वाकतो, आणि नंतर सुटे आणलेले दोन वजनाला जुळत नाहीत. नॉक चार-पाच जास्त, सगळ्या एकाच प्रकारच्या आणि रंगाच्या. शाफ्टवर मुलीच्या नावाची आद्याक्षरं पक्क्या मार्करने लिहा, स्पर्धेत लागतातच.

टोक घरी बसतं. हॉट मेल्ट काडी (गरम केल्यावर वितळणारा गोंद) आणा, एपॉक्सी नको, पुढे काढता येत नाही. जुनं टोक पकडीने धरून मेणबत्तीवर टोकालाच ऊब द्या, शाफ्टला नाही. सुटलं की जुना गोंद पुसा, टोकाच्या दांड्यावर काडी वितळवून पातळ थर द्या, शाफ्टमध्ये फिरवत पूर्ण आत ढकला, बाहेर आलेला गोंद गरम असतानाच पुसा आणि टोक खाली करून उभा ठेवा. पाच मिनिटांत पक्कं. टोक आणि शाफ्ट यांच्यात नखाएवढीही फट राहिली तर पुन्हा करा, त्याच फटीत फोम अडकतो आणि उपसताना टोक टार्गेटमध्येच राहतं. मग दुसरा बाण त्यावर आपटतो.

---

डावखुरा

आणि दुकानदाराने 'फुकट कापून देतो' म्हटलं तर नाही म्हणा. 24 चे 24 च राहू द्या. 24 नसतील आणि 26 असतील तर 26 तसेच घ्या. साधारण एक ग्रॅम जड होतील, पण पुढच्या वर्षीही चालतील.